कोळशाची राख, कायदा आणि शेतकरी

सोलापूर शहराच्या दक्षिण अंगास जुळे सोलापूरची वसाहत वाढली आहे. तिच्या पलीकडे दक्षिण सोलापूर तालुक्यातील फताटेवाडी येथे एनटीपीसीचे 1,320 मेगावॉट क्षमतेचे कोळशावरील वीजकेंद्र आहे. त्याचा पहिला संच 2017 साली व दुसरा 2019 साली सुरू झाला. शेतीच्या पंपांना वीज हवीच. परंतु अशा केंद्रातील राखेविषयी कायदा काय सांगतो, हे परिसरातील शेतकऱ्यांस ठाऊक असणे अवश्य आहे.

राख कोठे जाते?

भारतीय कोळसा जळाल्यावर त्याच्या वजनाचा सुमारे एकतृतीयांश भाग राख होऊन उरतो. जाड राख भट्टीच्या तळाशी पडते. बारीक राख धुराबरोबर वर जाते व विजेच्या भाराने धूळ ओढणाऱ्या यंत्रात अडविली जाते. अडविलेली राख कोरडी उचलतात किंवा पाण्यात कालवून तळ्यात सोडतात. असे तळे सुकल्यास राख वाऱ्याने उडते. पाझरल्यास आर्सेनिक, शिसे यांसारखी द्रव्ये विहिरीच्या पाण्यात उतरण्याचा धोका असतो. पानांवर राखेचा थर बसल्यास त्यांना सूर्यप्रकाश कमी मिळतो व पिकाची वाढ खुंटते.

कायद्याची तरतूद

महाराष्ट्राने जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा 1969 सालीच केला व 1970 साली प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. पुढे 1981 च्या केंद्रीय कायद्यान्वये हवेचे कामही राज्य मंडळांकडे आले. मंडळाच्या संमतीवाचून असे केंद्र चालविता येत नाही. 2015 च्या नियमांनुसार 1 जानेवारी 2017 पासून उभारलेल्या संचांच्या धुरात दर घनमीटरमागे 30 मिलिग्रॅमपेक्षा अधिक धूळ असता कामा नये. 31 डिसेंबर 2021 च्या अधिसूचनेनुसार केंद्राने आपली सर्व राख विटा, सिमेंट, रस्ते इत्यादी कामी लावावयाची असून, न वापरलेल्या राखेवर टनामागे 1,000 रुपये पर्यावरण भरपाई ठरविली आहे. शेतात राख घालावयाची ती माती परीक्षणानंतर व मर्यादित प्रमाणातच, असेही त्यात म्हटले आहे. सोलापूरकडील काळ्या जमिनी बहुधा चुनखडीयुक्त असल्याने राख फुकट मिळाली तरी परीक्षणावाचून घालू नये.

शेतकऱ्यांनी काय करावे?

पिकावर राख पडल्यास तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, गट क्रमांक व पीक यांची त्याच दिवशी नोंद करावी व छायाचित्र घ्यावे. पाऊस पडण्यापूर्वी तलाठी व कृषी सहायक यांच्याकडून पंचनाम्याची मागणी करावी. विहिरीच्या पाण्याची पावसाळ्यापूर्वी व नंतर तपासणी करून दाखले जपून ठेवावेत. तक्रार लेखी स्वरूपात मंडळाच्या सोलापूर येथील कार्यालयात देऊन पोच घ्यावी. तेवढ्याने दाद न लागल्यास 2010 च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे येथील पीठाकडे नुकसानभरपाई मागता येते. त्यासाठी कारण प्रथम घडल्यापासून पाच वर्षांची मुदत आहे.

पावसाच्या एका सरीने पानांवरील राख धुऊन जाते. मग नुकसान सिद्ध करण्यास कागदच उरतो. म्हणून ग्रामसेवकांनी गावात अशा नोंदींची एक वही ठेवण्यास शेतकऱ्यांना साहाय्य करावे.