वाचकांनी शोधून काढलेली कादंबरी

ऑस्ट्रेलियन कादंबरीच्या गेल्या पंधरा वर्षांचा मागोवा घ्यायचा तर लेखकांच्या बरोबरीने वाचकांकडेही पाहावे लागते. कोणती पुस्तके टिकावीत, कोणती पुन्हा छापावीत, कोणत्या लेखिकेला तिचे स्थान परत द्यावे, या प्रश्नांत तिथल्या वाचकांनी या काळात ठामपणे आपले मत मांडले आणि त्या मताचा परिणामही दिसला.

त्याआधीचा काळ वेगळा होता. 1950 मध्ये ए. ए. फिलिप्स या समीक्षकाने 'मीनजिन' नियतकालिकात आपल्या देशबांधवांच्या सांस्कृतिक न्यूनगंडावर बोट ठेवले होते. आपल्याकडचे पुस्तक चांगले आहे की नाही, हे लंडनने सांगेपर्यंत खरे मानायचे नाही, अशी ती वृत्ती. पॅट्रिक व्हाइट यांची 'द ट्री ऑफ मॅन' 1955 मध्ये आली. अमेरिका आणि इंग्लंडमध्ये तिचे कौतुक झाले, मायदेशी ए. डी. होप या कवी-समीक्षकाने तिच्या भाषेची कठोर शब्दांत हजेरी घेतली. व्हाइट यांना 1973 मध्ये नोबेल मिळाले. त्या रकमेतून त्यांनी पुरेशी दाद न मिळालेल्या लेखकांसाठी पुरस्कार सुरू केला आणि पहिला मान ख्रिस्तिना स्टेड यांना मिळाला. स्टेड यांची 'द मॅन हू लव्ह्ड चिल्ड्रन' 1940 मध्ये प्रसिद्ध होऊन विस्मृतीत गेली होती. रँडल जॅरेल या अमेरिकन कवीच्या प्रस्तावनेसह ती 1965 मध्ये पुन्हा निघाली, तेव्हा कुठे तिला वाचक मिळाले. म्हणजे तिथेही कौल बाहेरूनच आला.

हे बदलायला निमित्त झाले एका पुरस्काराचे. 'माय ब्रिलियंट करिअर' ही 1901 मध्ये प्रसिद्ध झालेली गाजलेली कादंबरी लिहिणाऱ्या स्टेला फ्रँकलिन यांनी लेखनासाठी 'माइल्स' हे पुरुषी नाव वापरले होते. त्यांच्या मृत्युपत्रातून उभा राहिलेला माइल्स फ्रँकलिन पुरस्कार 1957 पासून दिला जातो आणि देशात त्याला सर्वाधिक मान आहे. 2009 आणि पुन्हा 2011 मध्ये या पुरस्काराच्या अंतिम यादीत एकही लेखिका नव्हती. एका लेखिकेने मागे ठेवलेल्या पुरस्काराची ही गत पाहून संतापाची लाट उसळली.

त्या संतापातून विधायक काम उभे राहिले. 2012 मध्ये 'ऑस्ट्रेलियन विमेन रायटर्स चॅलेंज' सुरू झाले. वर्षभरात लेखिकांची ठरावीक पुस्तके वाचायची आणि त्यांवर आपला अभिप्राय लिहायचा, एवढीच अट. पदवी नको, ओळखपाळख नको; कुणीही सामील व्हावे. पुढे 2022 पासून या उपक्रमाने आपले लक्ष जुन्या, विसरल्या गेलेल्या लेखिकांकडे वळवले. 2013 मध्ये फ्रँकलिन यांच्या पहिल्या नावाने लेखिकांसाठी स्टेला पुरस्कार सुरू झाला. वृत्तपत्रांतून कुणाच्या किती पुस्तकांची परीक्षणे येतात याची मोजदादही त्याच्या संयोजकांनी केली. माइल्स फ्रँकलिनची पुढची नोंद बोलकी आहे: 2012 ते 2024 या तेरा वर्षांत बारा वेळा हा पुरस्कार लेखिकांना मिळाला.

2012 मध्येच मेलबर्नच्या टेक्स्ट प्रकाशनाने जुन्या ऑस्ट्रेलियन पुस्तकांची स्वस्त मालिका काढली. तिच्यातून एलिझाबेथ हॅरोवर यांची 'द वॉच टॉवर' (1966) परत आली. सिडनीतल्या दोन बहिणी, लॉरा आणि क्लेअर, आणि लॉराचा नवरा फेलिक्स यांची ही कथा. फेलिक्स त्या दोघींचा पैसा, वेळ आणि मन हळूहळू ताब्यात घेतो. आजच्या वाचकाला हे पुस्तक भयंकर ओळखीचे वाटते. जोडीदारावरच्या अशा सततच्या नियंत्रणाला न्यू साउथ वेल्स राज्यात जुलै 2024 पासून कायद्याने गुन्हा ठरवले. हॅरोवर यांनी ते जवळजवळ साठ वर्षे आधी कादंबरीत नोंदवले होते. 1971 मध्ये त्यांनी छपाईतून मागे घेतलेली 'इन सर्टन सर्कल्स' ही कादंबरीही 2014 मध्ये प्रसिद्ध झाली. 2020 मध्ये निधन होण्यापूर्वी आपली पुस्तके नव्या पिढीच्या हातात गेलेली त्यांना पाहता आली, याचा मनापासून आनंद वाटतो.

वाचकांचे एकमत होतेच असे नाही, आणि ते होऊही नये. ख्रिस्तोस त्सिओल्कास यांच्या 'द स्लॅप'मध्ये (2008) मेलबर्नच्या उपनगरातल्या एका घरगुती मेजवानीत एक माणूस दुसऱ्याच्या मुलाला थप्पड मारतो. कुणाचे चुकले, यावर घराघरांत वाद झाले. असे वाद लावणारी कादंबरी समाजाला हवीच असते.

या काळातली सर्वांत मोठी कमाई मात्र ॲलेक्सिस राइट यांची आहे. राइट वान्यी या आदिवासी समाजातल्या. त्यांची 'कार्पेंटेरिया' मोठ्या प्रकाशकांनी नाकारली. जिरामोंडो या छोट्या प्रकाशनाने ती 2006 मध्ये काढली आणि पुढच्याच वर्षी तिला माइल्स फ्रँकलिन मिळाले. तिच्यातला काळ सरळ रेषेत चालत नाही. घाईने वाचणाऱ्याचा हात तिथे सुटतो; पण एखाद्या जाणत्या आजीने रात्रभर सांगितलेली गोष्ट ऐकावी तसे वाचले, तर ती सगळा किनारा, वादळे आणि माणसे समोर उभी करते. 2024 मध्ये त्यांच्या 'प्रेझवर्दी'ने स्टेला आणि माइल्स फ्रँकलिन हे दोन्ही पुरस्कार मिळवले.

आपल्याकडे ऑस्ट्रेलियन लेखकाची कादंबरी म्हटली की 'शांताराम' आठवते. ग्रेगरी डेव्हिड रॉबर्ट्स यांची ती कादंबरी मुंबईत घडते, म्हणून ती जवळची वाटणे साहजिक आहे. पण तिथेच थांबू नये. 'द वॉच टॉवर'पासून सुरुवात करावी आणि 'कार्पेंटेरिया'ला सवडीने भिडावे. आणि वाचून झाल्यावर, पुस्तक मराठी असो वा परके, चार ओळींचा प्रामाणिक अभिप्राय जरूर लिहावा. पुस्तके जगवण्याच्या कामात वाचकाचा वाटा मोठा आहे. तो आपणही उचलू या.