मातीची कुळकथा (९) : हिमनदीच्या दगडांवर राखेची गोधडी

मागच्या आठवड्यात आपण सोलापूरकडच्या काळ्या रानात होतो. पाऊस सरल्यावर पेरलेली रब्बीची ज्वारी पुढे एकही सर न येता कणसाला कशी येते आणि त्यासाठी काळ्या मातीच्या पोटातली ओल कशी पुरते, ते आपण पाहिलं. ती माती तिथल्याच बेसॉल्ट खडकाची लेक. खाली खडक, त्यावर मुरूम, मुरमावर माती अशी तिची सरळ वंशावळ. आज जिची कथा सांगायची आहे, त्या मातीचं पायाखालच्या दगडाशी काही नातं नाही. ती आभाळातून आली, आणि तिच्याखाली जे आहे तेही तिथलं नाही. ते बर्फाने लांबून ओढून आणलेलं आहे.

हे ठिकाण अमेरिकेच्या वायव्येला, आयडाहो राज्याच्या उत्तर टोकाला आहे. तिथे सेल्कर्क पर्वताच्या उतारांवर सीडर, हेमलॉक, फर, लार्च आणि व्हाइट पाइन यांचं घनदाट जंगल आहे. प्रीस्ट रिव्हर नावाच्या जागी १९११ पासून अमेरिकी वनखात्याचं प्रायोगिक जंगलही आहे. अशा जंगलात वादळाने एखादं मोठं झाड मुळासकट उपटून पडलेलं असतं. त्याचा मुळांचा पसारा जमिनीतून उचकटून उभा राहतो. एवढ्या उंच झाडाची मुळं खोल, विहिरीसारखी उतरलेली असतील असं आपल्याला वाटतं. पण हा पसारा खालून सपाट असतो, भाकरीच्या तव्यासारखा. मुळं हातभर खाली गेली आणि तिथून आडवी पसरली.

ती का थांबली, याचं उत्तर उघड्या पडलेल्या खड्ड्यातच आहे.

खड्ड्याची भिंत

वर चार बोटं सुया, काटक्या आणि कुजलेली पानं. त्याखाली काळपट मातीचा पातळ पापुद्रा. मग तपकिरी, किंचित पिवळसर मातीचा एकसारखा थर लागतो. कुठे तो वीतभर, कुठे हातभर. त्यात खडा जवळजवळ नाही. बोटांत चोळली तर माती पिठासारखी मऊ लागते. ओली मूठभर घेऊन दाबली की आधी घट्ट वाटते, मग अचानक निसटती होते आणि बोटांवर ओलसर लेप उरतो. काळ्या मातीचा चिकटपणा तिच्यात नाही. वजनाला ती इतकी हलकी असते की हातातलं ढेकूळ पोकळ असल्याचा भास होतो.

या थराच्या खाली रंग एकदम बदलतो आणि फावडं दगडावर खणखणतं. करड्या, दाबून घट्ट बसलेल्या मातीत मुठीएवढे, डोक्याएवढे, कधी माणसाएवढे दगड अडकलेले असतात. पिठूळ रेती, चिखल, ग्रॅनाइटचे धोंडे, क्वार्टझाइटचे तुकडे असं सगळं एकात एक. नदीने आणलेल्या गाळात मोठे गोटे एकीकडे आणि बारीक रेती दुसरीकडे अशी निवड झालेली असते. इथे तशी काही निवड नाही. या मिश्रणाला भूशास्त्रात ‘टिल’ म्हणतात. शाळेच्या भूगोलात आपण ‘हिमोढ’ शिकलो, त्याच घराण्यातलं हे.

बर्फाने टाकलेलं ओझं

शेवटच्या हिमयुगात कॅनडाकडून ‘कॉर्डिलेरन’ नावाचा प्रचंड हिमस्तर दक्षिणेला सरकला आणि त्याच्या जिभा उत्तर आयडाहोच्या दऱ्यांत उतरल्या. वरच्या शिखरांवरून स्थानिक हिमनद्याही निघाल्या होत्या. शेकडो मीटर जाडीचा बर्फ सरकतो तेव्हा तो खालचा खडक खरवडतो, उचलतो, दळतो आणि वाटेत सापडेल ते पोटाखाली घेऊन पुढे जातो. त्याच वजनाखाली हे सगळं दाबलं जातं. सुमारे १५,००० वर्षांपूर्वी बर्फ मागे हटू लागला, तेव्हा उतारांवर हे घट्ट, दगडांनी भरलेलं टिल उघडं पडलं.

पुढची काही हजार वर्षं जंगलाने याच कठीण जमिनीवर बस्तान बसवलं. वाऱ्याने थोडी बारीक धूळ आणून टाकली, पानं कुजली, पातळशी माती तयार झाली. तेवढ्यावरच राहिलं असतं तर आजचं हे जंगल असं दाट दिसलं नसतं.

एक डोंगर आभाळात गेला

सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी, इथून नैर्ऋत्येला जवळपास ७०० किलोमीटरवर, आजच्या ओरेगन राज्यात माझामा नावाचा ज्वालामुखी फुटला. त्याचं शिखर अंदाजे ३,७०० मीटर उंच होतं. स्फोटात सुमारे ५० घन किलोमीटर शिलारस बाहेर पडला आणि पोटातला आधार गेल्यावर डोंगराचा माथाच आत कोसळला. त्या खळग्यात पुढे पावसाचं आणि बर्फाचं पाणी साचलं. आज जगभरचे लोक पाहायला जातात ते ‘क्रेटर लेक’ हे निळंशार तळं तेच. ५९४ मीटर खोलीचं हे तळं अमेरिकेतलं सर्वांत खोल.

माणसांनी हा स्फोट पाहिला. ओरेगनमधल्या फोर्ट रॉक गुहेत १९३८ मध्ये पुरातत्त्वज्ञ ल्यूथर क्रेसमन यांना सेजब्रश झुडपाच्या सालीपासून विणलेल्या चपला मिळाल्या, त्या माझामाच्या राखेच्या थराखाली. पुढे त्यांचं वय ९,००० वर्षांहून अधिक निघालं. म्हणजे राख पडली त्याच्या आधीपासून त्या मुलुखात माणसाचा वावर होता. क्लामाथ लोकांच्या परंपरेतल्या कथेत पाताळाचा लाओ आणि आकाशाचा स्केल यांचं युद्ध होतं आणि शेवटी डोंगर कोसळतो.

राख वाऱ्याबरोबर ईशान्येला गेली. वॉशिंग्टन, आयडाहो, मोंटाना ओलांडून ती कॅनडातही पसरली, तिचे कण ग्रीनलंडच्या बर्फातही सापडले आहेत. हा प्रसंग किती मोठा असेल, याची झलक तिथल्या लोकांना १८ मे १९८० रोजी मिळाली. त्या दिवशी सेंट हेलेन्स हा ज्वालामुखी फुटला आणि शेकडो किलोमीटर दूरच्या स्पोकेन शहरात भर दुपारी रात्रीसारखा अंधार झाला. तो स्फोट माझामाच्या तुलनेत किरकोळ होता.

राख सगळीकडे पडली, पण सगळीकडे टिकली नाही. उघड्या, कोरड्या, दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारांवरून ती पावसाने धुपून गेली किंवा खालच्या मातीत मिसळली. उत्तर आणि पूर्वेच्या सावलीतल्या, झाडांनी भरलेल्या उतारांवर सुयांच्या थराने आणि मुळांच्या जाळ्याने तिला धरून ठेवलं. जंगलाने राख राखली म्हणून ती आज तिथे आहे, आणि ती आहे म्हणून जंगल एवढं वाढलं आहे.

काचेची माती

ही राख चुलीतल्या राखेसारखी जळून उरलेली नाही. ती काच आहे. शिलारस हवेत उडून क्षणात गार झाला, खनिजांचे स्फटिक बनायला वेळच मिळाला नाही आणि त्याचे फेसाळ, सच्छिद्र तुकडे झाले. अशी काच स्फटिकांपेक्षा लवकर झिजते. पाणी तिच्यातून सिलिका आणि अ‍ॅल्युमिनियम सोडवतं आणि त्यांच्यापासून ‘अ‍ॅलोफेन’ हे खनिज तयार होतं. त्याचे कण म्हणजे आतून पोकळ गोळ्या, व्यास अवघा ४-५ नॅनोमीटर. काळ्या मातीतली चिकणमाती पत्त्यांच्या जोडासारखी थरांची असते. पाणी प्यायली की ती फुगते आणि वाळली की भेगाळते. अ‍ॅलोफेनला असे थर नाहीत, म्हणून ही माती भेगाळत नाही. तिच्यात पोकळीच पोकळी असते.

थोडा हिशेब करू. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर खोल असा मातीचा ठोकळा म्हणजे ४०० लिटरची जागा. राखेच्या मातीची घनता दर घन सेंटिमीटरला ०.७ ग्रॅम धरली, तर या ठोकळ्यात घन कण २८० किलो भरतात आणि मोकळी जागा जवळपास २८० लिटर उरते. तेवढाच ठोकळा दाबलेल्या टिलचा घेतला आणि घनता १.८ धरली, तर वजन ७२० किलो आणि पोकळी १३० लिटरच्या आसपास. या पोकळीतलं सगळं पाणी झाडाला मिळत नाही. तरी मुळं राखेतच का थांबतात, हे या आकड्यांवरून कळतं.

आपल्याकडे पाऊस आणि वाढीचे दिवस एकत्र येतात. तिथे उलटं आहे. प्रीस्ट रिव्हरला वर्षाला सुमारे ८०० मिलिमीटर पाणी मिळतं, पण त्यातला मोठा भाग हिवाळ्यात, बराचसा बर्फ होऊन, झाडं निजलेली असताना. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन असतं, दिवस मोठे असतात, झाडाला वाढायचं असतं आणि पाऊस जवळपास नसतो. वसंतात वितळलेलं बर्फाचं पाणी राखेत मुरतं, खालच्या घट्ट टिलवर अडतं आणि हळूहळू उताराच्या दिशेने सरकत राहतं. रस्त्यासाठी डोंगर कापलेला असेल तिथे दोन थरांच्या सांध्यावर ओली रेघ दिसते, पाणी पाझरत असतं. त्याच सांध्यावर कधीकधी वरचा भाग घसरूनही येतो. उन्हाळ्यात झाडं जगतात ती या साठ्यावर. सोलापूरची ज्वारी आणि आयडाहोचा सीडर दोघांचं तंत्र एकच, मातीत साठवलेल्या ओलीवर कोरडे दिवस काढायचे.

अशा मातीला मृदाशास्त्रात ‘अँडिसॉल’ म्हणतात. मूळ शब्द जपानी ‘आन्दो’, म्हणजे गडद माती. अमेरिकेच्या मृदा-वर्गीकरणात तिला १९९० मध्ये स्वतंत्र गणाचं स्थान मिळालं. जगाच्या जमिनीपैकी जेमतेम १ टक्का जमीन या गणात येते.

ती ओळखायची एक साधी चाचणी न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी १९६६ मध्ये मांडली. फिनॉल्फ्थॅलीन लावलेल्या कागदावर चिमूटभर माती ठेवायची आणि वर सोडियम फ्लोराइडच्या द्रावणाचा थेंब टाकायचा. फ्लोराइड मातीतल्या मोकळ्या अ‍ॅल्युमिनियमला जाऊन चिकटतं, तिथला हायड्रॉक्सिल सुटतो, द्रावण अल्कधर्मी होतं आणि मिनिट-दोन मिनिटांत कागद गुलाबी होऊन लालीवर जातो. हजारो वर्षांपूर्वी उडालेला डोंगर त्या चिमटीत अजून हजर असल्याची ती खूण.

ओझ्याखाली दबणारं

या मातीचे दोषही तिच्या गुणांतूनच येतात. अ‍ॅलोफेन फॉस्फरस इतका घट्ट धरून ठेवतं की तो झाडाला सहज मिळत नाही. झाडं मुळांवरच्या बुरशीच्या भागीदारीत तो मिळवतात. आणि जी माती इतकी पोकळ आहे, ती दबतेही तितक्याच सहज. लाकूडतोडीची अवजड यंत्रं जंगलात फिरली की पहिल्या काही खेपांतच बरीचशी पोकळी मिटते. काळी माती फुगून आणि भेगाळून स्वतःला दर वर्षी पुन्हा सैल करते. राखेच्या मातीला ते जमत नाही. एकदा दबली की दशकानुदशकं दबलेलीच राहते.

याहून मोठं नुकसान गेल्या शतकात झालं. तोडीनंतर उरलेल्या फांद्या बुलडोझरने ढकलून ढीग घालताना अनेक उतारांवरची राख खरवडली गेली आणि खालचं टिल उघडं पडलं. अशा जागी नवं झाड रुजतं ते हिमयुगाने सोडलेल्या दगडांत. आयडाहोतच, क्लिअरवॉटरच्या परिसरात, ग्रँड फरचं जंगल साफ केल्यावर ब्रॅकन नावाच्या नेच्याने काही जागा अशा व्यापल्या की दशकं उलटली तरी तिथे झाडं परतली नाहीत. तिथे मातीचं रसायनही पालटलेलं आढळलं. अ‍ॅलोफेन कमी झालं, आम्लता वाढली आणि मोकळं अ‍ॅल्युमिनियम रोपांच्या मुळांना जाचू लागलं. वरचं झाड गेल्यावर खालची राखही पहिल्यासारखी राहिली नाही.

नोव्हेंबर २००५ मध्ये कोर डलेन शहरात केवळ या राखेच्या वनमातीवर अभ्यासकांची परिषद भरली. आता उपाय माहीत आहेत. यंत्रांना ठरावीक वाटाच वापरायला लावायच्या, वाटेवर फांद्यांचा थर अंथरायचा, तीव्र उतारावर लाकूड तारेने उचलून न्यायचं आणि शक्य तिथे हिवाळ्यात, जमीन गोठल्यावर किंवा जाड बर्फावरूनच काम करायचं.

मला या मातीबद्दल जी कळकळ वाटते, ती एका साध्या गोष्टीमुळे. खडक झिजून माती बनते, तेव्हा झिजेची भरपाई खालून संथपणे का होईना होत असते. या उतारांवर खालून कितीही झीज झाली तरी मिळेल ते टिल. हातभर राख एकाच प्रसंगात, एकदाच पडली. नंतरच्या स्फोटांनी तिच्यावर पातळ भुकटी शिंपडली, एवढंच. आजीने शिवलेली गोधडी फाटली तर तिच्या हातची दुसरी मिळत नाही. तशी ती वापरायची, धुवायची, उन्हात घालायची, पण जपून.

पुढच्या आठवड्यात आपण घरी परतू. जुन्नर तालुक्यातल्या बोरी गावाजवळ कुकडी नदीच्या काठावर एक फिकट थर आहे. तीही ज्वालामुखीची राखच, पण सह्याद्रीची नाही. ती सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीतून समुद्र ओलांडून आली. तिच्या सान्निध्यात आदिमानवाची दगडी हत्यारं सापडली, आणि ती टोबाच्या नेमक्या कोणत्या स्फोटाची यावर अभ्यासकांचा वाद रंगला. त्या राखेची कुळकथा पुढच्या भागात.