'प्रोमिथिअस': 'एलियन'च्या आधीची गोष्ट

रिडली स्कॉट यांचा 'प्रोमिथिअस' जून २०१२ मध्ये चित्रपटगृहांत आला, तेव्हा त्यांच्याच 'एलियन'ला ३३ वर्षं झाली होती. विज्ञानपटांत प्रीक्वेल नवा नव्हता. जॉर्ज लुकास यांनी १९९९ च्या 'द फँटम मेनस'पासून 'स्टार वॉर्स'ची आधीची पिढी पडद्यावर आणली होती. तिथल्या निरागस अनाकिनचा पुढे डार्थ व्हेडर होणार, हे प्रेक्षकाला तिकीट काढतानाच ठाऊक होतं. 'प्रोमिथिअस'ने वेगळी वाट धरली. मूळ चित्रपटाने अर्धवट सोडलेलं एक कोडंच त्याने हाती घेतलं.

'एलियन'मध्ये नोस्ट्रोमो या मालवाहू यानातली माणसं एका ओसाड उपग्रहावर उतरतात. तिथं एक परकं यान पडलेलं असतं. आत, तोफेसारख्या अवाढव्य यंत्राला टेकून, एका महाकाय जिवाचा दगड झालेला सांगाडा बसलेला असतो. त्याच्या छातीची हाडं आतून बाहेर वळलेली असतात. हाड कुठे संपतं आणि यंत्र कुठे सुरू होतं हे सांगता येऊ नये, अशी त्याची घडण स्विस चित्रकार एच. आर. गिगर यांनी केली होती. तो आणखी प्रचंड भासावा म्हणून लांबच्या दृश्यात नटांऐवजी लहान मुलांना अंतराळवेश घालून उभं केलं होतं. त्यांत स्कॉट यांचीही मुलं होती. पुढे नोस्ट्रोमोवरची अधिकारी रिप्ली आणि तिच्या सोबत्यांच्या जिवावर बेततं, आणि हा सांगाडा मागेच राहतो. तो कोणाचा, यावर चाहते पुढची तीन दशकं तर्क लढवत राहिले.

'प्रोमिथिअस'ची सुरुवात आइसलँडमधल्या डेटिफॉस धबधब्यावर होते. पांढुरका, धिप्पाड, माणसासारखाच एक जीव काठावर उभा राहून काळं द्रव्य पितो. क्षणात त्याचं शरीर आतून तुटू लागतं, तो पाण्यात कोसळतो, आणि त्याच्या विरघळलेल्या डीएनएतून नव्या पेशी आकार घेतात. एक शब्दही न बोलता चित्रपट इथे आपलं उत्तर मांडतो: माणसाला घडवणारे हेच 'इंजिनिअर', आणि तो जुना सांगाडा म्हणजे त्यांचा पोशाख, हे पुढे उलगडतं.

कथा घडते २०९३ मध्ये, म्हणजे 'एलियन'च्या सुमारे तीन दशकं आधी. एलिझाबेथ शॉ आणि चार्ली हॉलोवे या संशोधकांना निरनिराळ्या प्राचीन संस्कृतींच्या चित्रांत एकच तारकारचना सापडते, आणि पीटर वेलँड या धनाढ्य उद्योगपतीच्या पैशावर तिच्या दिशेने मोहीम निघते. मात्र यान उतरतं ते एलव्ही-२२३ या उपग्रहावर. नोस्ट्रोमोची माणसं उतरली तो एलव्ही-४२६ होता. अनेक चाहत्यांची निराशा इथूनच सुरू झाली. 'एलियन'मधलं ते परकं यान आणि त्यातली अंडी पाहायला आलेल्यांना सगळंच थोडं बाजूला सरकलेलं दिसलं.

प्रीक्वेलची एक अडचण इथे ठळक दिसते. नोस्ट्रोमोवरचे संगणक म्हणजे हिरव्या अक्षरांचे जाडजूड पडदे. त्याआधीच्या काळातल्या 'प्रोमिथिअस' या मोहिमेच्या यानावर मात्र हवेत तरंगणारे त्रिमित नकाशे. एक जुनाट मालवाहू यान, दुसरं कुबेराचं खासगी, असं समर्थन देता येतं आणि ते बऱ्याच अंशी पटतंही.

तपशिलातून पुढचं सुचवण्याची हातोटी मात्र दाद देण्यासारखी आहे. पोटात परका जीव वाढत असलेली शॉ आलिशान कक्षातल्या स्वयंचलित शस्त्रक्रियायंत्राकडे धावते, तर ते फक्त पुरुष रुग्णासाठी जुळवलेलं निघतं. जो कक्ष मोहिमेच्या प्रमुख मेरेडिथ व्हिकर्स या बाईंचा, तिथं पुरुषाचं यंत्र का? लक्ष देणाऱ्याला तिथंच शंका येते की वेलँड स्वतः यानावर लपलेला आहे. मायकेल फासबेंडर यांनी साकारलेला डेव्हिड हा यंत्रमानवही असाच. सारे निद्रावस्थेत असताना तो एकटा 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' पाहतो आणि नायकासारखे केस रंगवतो. माणसाने आपल्याला का बनवलं, हा त्याचा प्रश्न माणसाला कोणी आणि का घडवलं, या शॉच्या प्रश्नाइतकाच मूलभूत आहे. चित्रपटाचा खरा गाभा हाच.

रेड एपिक कॅमेऱ्यांवर थ्रीडीत चित्रित झालेला हा चित्रपट मोठ्या पडद्यावरच पाहण्याजोगा होता. डेटिफॉसचा विस्तार किंवा डेव्हिडच्या भोवती फिरणारी ग्रहगोलांची रचना घरच्या टीव्हीवर आटून जाते.

तरीही उत्तराची किंमत मोजावी लागलीच. गिगरचा सांगाडा भयावह होता तो अगम्य असल्यामुळे. पोशाखाआड माणसासारखा चेहरा निघाल्यावर ती भीती ओसरली. म्हणून नव्या प्रेक्षकाने कथेतल्या वर्षांचा क्रम न पाहता आधी १९७९ चा चित्रपट पाहावा. कोडं मनात मुरलं, तरच उत्तराला अर्थ येतो.

जगभरात ४० कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमवलेल्या या चित्रपटाची कथा स्कॉट यांनी २०१७ च्या 'एलियन: कव्हेनंट'मध्ये पुढे नेली. शॉचा शोध त्यात जवळजवळ गुंडाळला गेला आणि डेव्हिडच केंद्रस्थानी आला. एलव्ही-४२६ वरचं ते यान तिथं कसं पडलं, हे त्या चित्रपटातही दाखवलेलं नाही.