श्रद्धाळू आणि नास्तिक : वाद कसा करावा?

उच्च शिक्षणासाठी शहरात गेलेला मुलगा सुट्टीत घरी येतो. सायंकाळी सारे कुटुंब जपमाळेच्या प्रार्थनेस बसते, तेव्हा तो मात्र ओसरीवर बसून राहतो. कारण विचारले तर म्हणतो, “देव आहे हे कशावरून?” अशा वेळी वडील संतापतात, आई डोळ्यांना पदर लावते आणि विषय तेथेच मिटतो. परंतु प्रश्न मिटत नाही. वाचकहो, या प्रश्नाला शांतपणे सामोरे कसे जावे, याचा एक उत्तम धडा इंग्लंडमधील दोन विद्वानांनी घालून दिला आहे.

२८ जानेवारी १९४८ रोजी बी.बी.सी.च्या नभोवाणीवरून देवाच्या अस्तित्वाविषयीचा एक संवाद ध्वनिक्षेपित झाला. एका बाजूस होते जगद्विख्यात तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल. त्यांचे वय ७५ वर्षांचे होते, आणि आपण ख्रिस्ती का नाही, हे त्यांनी १९२७ सालीच जाहीर व्याख्यानातून सांगितले होते. दुसऱ्या बाजूस होते येशूसंघीय धर्मगुरू फादर फ्रेडरिक कोपलस्टन. वय अवघे ४०. तत्त्वज्ञानाच्या बृहद् इतिहासाचा त्यांचा पहिला खंड नुकताच १९४६ साली प्रसिद्ध झाला होता.

वादास तोंड फुटण्यापूर्वी या दोघांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. ‘देव’ या शब्दाने आपण काय समजतो, हे त्यांनी आधी ठरवून घेतले : विश्वाहून वेगळा, विश्वाचा निर्माता असा परमश्रेष्ठ व्यक्तिरूप पुरुष. मग फादरांनी विचारले, देव नाही असे सिद्ध करता येते, असे आपले म्हणणे आहे काय? रसेल म्हणाले, नाही. आपण अज्ञेयवादी आहोत. हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, हेही त्यांनी मान्य केले. म्हणजे पहिल्या काही मिनिटांतच दोघांच्या पायाखाली थोडी सामाईक भूमी आली.

फादरांचा मुख्य युक्तिवाद शेतकऱ्यालाही समजेल असा होता. जगातील प्रत्येक वस्तू दुसऱ्या कशावर तरी अवलंबून असते. मूल आईबापांवर, पीक बीजावर आणि पावसावर. कोणतीच वस्तू आपल्या अस्तित्वाचे कारण स्वतःपाशी बाळगत नाही. मग अशा कितीही वस्तू एकत्र केल्या तरी ते कारण कोठून येणार? चॉकलेटांत चॉकलेटे कितीही मिळवली तरी चॉकलेटेच होतात, मेंढी होत नाही, असे त्यांनी विनोदाने म्हटले. म्हणून ज्याचे कारण त्याच्याच ठायी आहे, असा कोणी तरी असलाच पाहिजे.

रसेल यांचे उत्तरही तितकेच चतुर होते. प्रत्येक मनुष्याला आई असते. पण म्हणून साऱ्या मानवजातीला एक आई असते असे का म्हणावे? विश्व आहे, एवढेच. त्याचे कारण विचारणे व्यर्थ. यावर फादर म्हणाले, मी साखळीची आणखी एक कडी शोधत नाही. साखळी मुळात का आहे, हे विचारतो. आणि पटावर बसून एकही सोंगटी हलवायची नाही असे कोणी ठरवले, तर त्याच्यावर मात होणारच कशी?

पुढे नीतीचा प्रश्न निघाला. बरे-वाईट कसे ओळखता, असे विचारताच रसेल म्हणाले, निळा आणि पिवळा रंग पाहून ओळखतो, तसे भावनेने. फादरांनी बेल्सेनच्या छळछावणीच्या प्रमुखाचे उदाहरण दिले. त्यालाही आपले कृत्य योग्यच वाटत असेल, मग काय? कावीळ झालेल्यालाही सारे पिवळे दिसते, असे रसेल यांचे उत्तर होते. परंतु सर्वांनाच कावीळ झाली, तर निरोगी दृष्टी कोणती हे कशावरून ठरवावे? हा प्रश्न श्रोत्यांच्या मनात रेंगाळल्याशिवाय राहत नाही.

शेवटी कोणीच हरले नाही आणि कोणाचे मतही पालटले नाही. रसेल १९७० साली आणि फादर कोपलस्टन १९९४ साली निवर्तले, आपापल्या मतावर ठाम राहूनच. मग या वादाचे फलित काय? फलित हे की, श्रद्धेला बुद्धीचे भय नाही, हे लोकांनी ऐकले. आणि प्रतिपक्षाचा उपमर्द न करताही सत्याची बाजू मांडता येते, हेही ऐकले. विश्वास ही देवाची देणगी आहे; युक्तिवाद दार उघडून देतो, आत जावयाचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावयाचे असते.

आपल्या आशेचे कारण विचारणाऱ्यास सौम्यतेने व आदराने उत्तर द्यावे, अशी संत पेत्राची शिकवण आहे. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेने १९६५ साली याही पुढे जाऊन सांगितले की, नास्तिकता फोफावण्यास कधी कधी श्रद्धावंतांचे वर्तनही कारणीभूत होते. तेव्हा मुलाचा प्रश्न ऐकून आपण आधी स्वतःकडे पाहावे. आपल्या घरात प्रार्थना होते, तशी क्षमाही होते काय? मजुराला वेळेवर मजुरी मिळते काय? मुलगा पुस्तकांपेक्षा हीच उत्तरे अधिक बारकाईने वाचत असतो.

फादर कोपलस्टन यांच्या चरित्रातील एक गोष्ट आईबापांनी ध्यानी घ्यावी. त्यांचे घराणे अँग्लिकन पंथाचे, वडील रंगून येथे न्यायाधीश होते. वयाच्या १८ व्या वर्षी, १९२५ साली, मुलाने कॅथलिक होण्याचे ठरवले, तेव्हा वडिलांना ते रुचले नाही. तरीही त्यांनी मुलाला ऑक्सफर्ड येथील शिक्षण पुरे करण्यास साहाय्य केले. मतभेद झाला, पण घराचे दार बंद झाले नाही. कॅथलिक पित्यानेही आपल्या प्रश्न विचारणाऱ्या पुत्राशी याहून कमी उदारतेने का वागावे? ओसरीवर बसलेल्या मुलासाठी प्रार्थना अवश्य करावी. आणि ती संपल्यावर त्याच्या शेजारी जाऊन बसावे, त्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घ्यावे.