फिलर : शस्त्रक्रियेविना चेहऱ्याला भराव
वाढत्या वयात चेहऱ्यातील मेद आणि हाडांचा आधार घटून गाल बसतात, तेव्हा ही पोकळी त्वचेखाली टोचल्या जाणाऱ्या जेलने, म्हणजेच फिलरने, भरून काढता येते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९८१ मध्ये गाईपासून मिळवलेल्या कोलॅजेनला, तर २००३ मध्ये हायलुरॉनिक आम्लाच्या ‘रेस्टिलेन’ला मान्यता दिली. हे आम्ल त्वचेत मुळातच असते व पाणी धरून ठेवते. फिलरमध्ये त्याचे रेणू रासायनिक बंधांनी एकमेकांशी जोडलेले असल्याने ते सावकाश विघटित होते आणि परिणाम साधारणतः ६ ते १८ महिने टिकतो. जेल रक्तवाहिनीत शिरल्यास ऊती मरण्याचा, क्वचित दृष्टी जाण्याचाही धोका असतो. अशा वेळी ते विरघळवणारे हायलुरोनिडेज हे विकर तातडीने टोचले जाते.