आयटिल परीक्षेची तयारी : परिभाषेच्या दृष्टीने

संस्कृत व्याकरणाच्या विद्यार्थ्यास 'गुण' ही संज्ञा प्रथम शिकविली जाते, तेव्हा त्या शब्दाचा व्यवहारातील अर्थ त्याने बाजूस ठेवावा अशी अपेक्षा असते. येथे गुण म्हणजे शीलाचे गुण नव्हेत, उत्तरपत्रिकेवरील गुणही नव्हेत; अ, ए आणि ओ ह्या वर्णांना पाणिनीने दिलेले ते नाव होय. ज्याला हे पथ्य पाळता येत नाही त्याला पुढील सूत्रे नीट लागत नाहीत. माहिती-तंत्रज्ञान सेवांच्या व्यवस्थापनाची जी प्रमाणपत्र-परीक्षा 'आयटिल फाउंडेशन' ह्या नावाने ओळखली जाते, तिची मुख्य अडचण नेमकी ह्याच जातीची आहे. अभ्यासक्रम बेताचा, प्रश्न बहुपर्यायी, गणित नाही, यंत्ररचनेचे सूक्ष्म ज्ञान नको. आणि असे असूनही संगणकविभागात वर्षानुवर्षे काम केलेला मनुष्य तीत अडखळू शकतो, कारण तो ते शब्द रोज वापरीत असतो.

ह्या परीक्षेमागील ग्रंथसंग्रहाचा उगम ब्रिटनच्या सरकारी कारभारात आहे. गेल्या शतकाच्या नवव्या दशकात तेथील 'सेंट्रल कॉम्प्युटर अँड टेलिकम्युनिकेशन्स एजन्सी' ह्या सरकारी संस्थेने संगणकसेवा चालविण्याच्या चांगल्या पद्धतींचे संकलन हाती घेतले. १९८९ पासून त्याचे भाग प्रसिद्ध होऊ लागले व काही वर्षांतच त्यांची संख्या तिसांच्या वर गेली. नावातील 'लायब्ररी' हा शब्द त्या काळची खूण आहे. २००७ साली तिसरी आवृत्ती पाच ग्रंथांत निघाली, २०११ साली ती सुधारण्यात आली आणि २०१९ साली चौथी आवृत्ती आली. मधल्या काळात संग्रहाची मालकी सरकारकडून २०१३ मध्ये स्थापन झालेल्या ॲक्सेलोस ह्या संयुक्त कंपनीकडे व २०२१ मध्ये पीपलसर्ट ह्या परीक्षासंस्थेकडे गेली. परीक्षार्थीला हा इतिहास पाठ करावयाचा नाही. त्याने एवढेच ध्यानात घ्यावे की, आवृत्तीगणिक शब्द बदलत गेले आहेत. तिसऱ्या आवृत्तीत 'चेंज मॅनेजमेंट' म्हटले जाई, त्यास चौथीत आरंभी 'चेंज कंट्रोल' व नंतर 'चेंज एनेबलमेंट' असे नाव मिळाले. जुन्या आवृत्तीप्रमाणे सेवा ग्राहकास मूल्य 'पोहोचवीत' असे. नव्या आवृत्तीप्रमाणे मूल्य हे सेवा देणारा आणि घेणारा मिळून निर्माण करतात. दोन पर्यायांत फरक केवळ ह्या एका क्रियापदाचा असला, तर वडीलबंधूंचे जुने पुस्तक वाचून आलेला विद्यार्थी चुकीच्या पर्यायावर निःशंकपणे खूण करतो.

चौथ्या आवृत्तीच्या परीक्षेचे स्वरूप थोडक्यात असे : चाळीस प्रश्न, साठ मिनिटे, पुस्तक पाहण्यास मनाई, उत्तीर्ण होण्यास २६ उत्तरे बरोबर हवीत, आणि चुकीच्या उत्तराबद्दल गुण वजा होत नाहीत. प्रश्नांची मागणी स्मरण व आकलन ह्या दोन पायऱ्यांपुरतीच असते, मात्र त्यांत आकलनाचा वाटा बराच मोठा आहे. ग्रंथात एकूण ३४ कार्यप्रणाली वर्णिल्या असून त्यांपैकी १५ चे उद्दिष्ट माहीत असावे लागते व त्या पंधरांतील सात सविस्तर समजाव्या लागतात. चाळीसपैकी १७ प्रश्न एकट्या ह्या सातांवर येतात. अभ्यासाचा वेळ कोठे खर्चावा, ह्याचा निर्णय हा आकडाच करून टाकतो.

ह्या सातांपैकी इन्सिडेंट व प्रॉब्लेम यांच्या व्यवस्थापनाची जोडी सर्वांत फसवी आहे. सेवेत अकल्पितपणे पडलेला खंड अथवा तिच्या दर्जात झालेली घट म्हणजे इन्सिडेंट. एका वा अनेक इन्सिडेंटांचे कारण, किंवा पुढे कारण ठरू शकेल अशी गोष्ट, म्हणजे प्रॉब्लेम. वाचताना हा भेद सोपा वाटतो. तो किती खोल आहे हे १९ जुलै २०२४ च्या प्रसंगावरून दिसते. त्या दिवशी क्राउडस्ट्राइक ह्या सुरक्षा-कंपनीने आपल्या 'फाल्कन' प्रणालीकडे एक सदोष अद्ययावत फाइल धाडली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लक्ष विंडोज संगणक बंद पडले. भारतातील काही विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले, हे अनेकांच्या स्मरणात असेल. कंपनीने ती फाइल सुमारे ७८ मिनिटांत मागे घेतली, पण जे संगणक कोसळले होते ते त्यामुळे उठले नाहीत. प्रत्येक यंत्र सुरक्षित अवस्थेत सुरू करून ती फाइल पुसून टाकणे, हा तूर्तचा उपाय जागोजागी हाताने करावा लागला.

विमानतळावरील रांगेच्या दृष्टीने प्रश्न एकच होता : पडदा पुन्हा केव्हा उजळेल? संगणक का कोसळला, हा प्रश्न त्या क्षणी गौण होता. ह्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देणे हे इन्सिडेंट-व्यवस्थापनाचे कार्य. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कंपनीने पुढच्या महिन्यात प्रसिद्ध केलेल्या अहवालात आहे : आज्ञावलीच्या एका भागाने २१ निवेश-मूल्ये गृहीत धरली होती, प्रत्यक्षात २०च पुरविली जात होती, आणि एकविसाव्याच्या शोधात ती स्मृतीच्या निषिद्ध भागात शिरली. हा शोध म्हणजे प्रॉब्लेम-व्यवस्थापन. फाइल पुसण्याच्या युक्तीस परिभाषेत 'वर्कअराउंड' म्हणतात. आणि छाननी झाली परंतु निवारण झाले नाही अशा प्रॉब्लेमला 'नोन एरर' ही संज्ञा आहे. एकाच दिवसाच्या गोंधळात चारही संज्ञांना आपापली जागा सापडते.

आता इन्सिडेंट-व्यवस्थापनाचे उद्दिष्ट विचारले गेले, तर अनुभवी तंत्रज्ञाचा हात 'मूळ कारण शोधणे' ह्या पर्यायाकडे जातो. दोष त्याच्या बुद्धीचा नव्हे. चांगल्या कारागिराला कारण सापडल्याखेरीज चैन पडत नाही, आणि त्याच्या कचेरीत दोन्ही कामे बहुधा तोच करीत असतो. परंतु ग्रंथाचे म्हणणे असे की, सेवा शक्य तितक्या लवकर पूर्ववत करून हानी कमीत कमी होऊ देणे, एवढेच त्या प्रणालीचे उद्दिष्ट. कारण माहीत नसतानाही ते सफल होऊ शकते. दोन उद्दिष्टे एकत्र केली तर दोन्हींची उपेक्षा होते : रांग वाढत असता कोणी नोंदी चाळीत बसतो, अथवा यंत्र सुरू झाले की कारणाचा विचार कायमचा सोडून दिला जातो. भेद पाळण्यामागे ही व्यावहारिक भीती आहे, आणि ती समजली की पाठांतराची गरज निम्मी होते.

मराठी भाषकासमोर ह्यात आणखी एक गुंता उभा राहतो. 'मशीनला प्रॉब्लेम आला' हे वाक्य आता मराठीच झाले आहे, आणि त्यातील 'प्रॉब्लेम' म्हणजे ग्रंथातील इन्सिडेंट होय. ग्रंथातील प्रॉब्लेमसाठी तोच भाषक 'मूळ भानगड' किंवा 'बिघाडाचे कारण' असे म्हणेल. शुद्ध मराठी प्रतिशब्द योजावे तर 'घटना' हा एकच शब्द इन्सिडेंट आणि इव्हेंट ह्या दोहोंकडे धावतो. ग्रंथात मात्र इव्हेंट म्हणजे सेवेच्या व्यवस्थापनाच्या दृष्टीने दखलपात्र असा कोणताही स्थितिबदल. रात्रीची नक्कल सुखरूप पुरी झाल्याचा संदेश हाही इव्हेंटच, पण त्यात बिघडलेले काहीच नाही. 'आउटपुट' व 'आउटकम' यांचीही तीच गत. दोन्ही 'परिणाम' ह्या शब्दात बुडून जातात, वस्तुतः छापून निघालेले वेतनपत्रक हे पहिले आणि कामगाराला वेळेवर पगार मिळणे हे दुसरे. 'वॉरंटी' म्हटले की डोळ्यांसमोर दुकानदाराचे शिक्का मारलेले कार्ड उभे राहते. परिभाषेत तो शब्द सेवेची उपलब्धता, क्षमता, सुरक्षितता व सातत्य यांच्या हमीपुरता आहे. तात्पर्य, संज्ञांचे भाषांतर करून त्या लक्षात ठेवण्याचा मार्ग येथे निरुपयोगी आहे. संज्ञा इंग्रजीतच ठेवावी व तिचे उदाहरण मराठीत, आपल्या कचेरीतील, आपल्या शब्दांत लिहून काढावे. विद्यार्थ्याच्या वहीत व्याख्येसमोर उदाहरण नसेल तर ती व्याख्या समजली असे धरू नये.

'चेंज'च्या तीन प्रकारांचा अभ्यासही असाच करावा. जोखीम अल्प, रीत ठरलेली, संमती आधीच दिलेली तो 'स्टँडर्ड'; नेहमीच्या छाननीतून जाणारा तो 'नॉर्मल'; आणि विलंब परवडणारच नाही असा तो 'इमर्जन्सी'. वर सांगितलेली फाइल ग्राहकांच्या संगणकांवर आपोआप उतरली. तशा फाइली टप्प्याटप्प्याने वितरित करण्याची दक्षता कंपनीने त्या प्रसंगानंतर स्वीकारली. नित्याचा म्हणून ज्या बदलाची छाननी सैल ठेवली जाते, त्याचे वर्गीकरण बरोबर आहे काय, हा प्रश्न प्रश्नपत्रिकेत एका गुणाचा असतो; बाहेर त्याची किंमत निराळी आहे.

सराव-प्रश्नपत्रिकांचा उपयोग आहे, पण तो गुण मोजण्यासाठी नव्हे. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाखाली, आपण निवडलेला पर्याय कोणत्या अन्य संज्ञेचे वर्णन होता, हे लिहावे. चुकीचे पर्याय बहुधा शेजारच्या संज्ञेचे खरे वर्णन असतात. 'रिलीज'च्या प्रश्नात 'डिप्लॉयमेंट'चे उद्दिष्ट घातलेले असते. प्रत्यक्ष परीक्षेतून चोरलेले प्रश्न म्हणून जे संच विकले जातात त्यांची उत्तरे कित्येकदा चुकीची असतात, आणि ते वापरणे परीक्षेच्या नियमांचा भंग होय. ज्याला आज प्रमाणपत्रावर नोकरी मिळवावयाची आहे, त्याला हा मोह होतो हे खरे. परंतु त्याच माणसाला उद्या पहाटे तीन वाजता दूरध्वनी येणार असतो. २०२३ पासून तर प्रमाणपत्राचे तीन वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, तेव्हा उसने ज्ञान फार काळ पुरतही नाही.

वेळेविषयी एक बाब पुष्कळ परीक्षार्थींच्या नजरेतून सुटते. प्रश्नपत्रिकेची भाषा ही ज्याची मातृभाषा नाही आणि कामकाजाचीही भाषा नाही, त्याला एक-चतुर्थांश वेळ अधिक, म्हणजे एकंदर ७५ मिनिटे मिळू शकतात. हिंजवडीतील एखाद्या मराठी अभियंत्याला पहिली अट सहज लागू पडते. दुसऱ्या अटीबाबत मात्र त्याने अर्ज भरण्यापूर्वीच प्रामाणिकपणे ठरवावे, कारण दिवसभर तो ज्या भाषेत तक्रारी नोंदवितो ती बहुधा इंग्रजीच असते.