चांदशेंग आणि बालाघाटची थंडी

बीड तालुक्यांतील लिंबागणेश हें गांव बालाघाटच्या डोंगराळ भागांत वसलेलें असून तेथील भालचंद्र गणपतीचें देवस्थान या प्रांतीं सर्वांस ठाऊक आहे. गणपतीच्या शापानें निस्तेज झालेल्या चंद्रानें येथें तप केलें, अशी तेथील आख्यायिका आहे. युरोपांतील बागांत ‘लुनारिया’ नांवाचें एक शोभेचें झाड फार दिवसांपासून लावितात. लॅटिन भाषेंत ‘लूना’ म्हणजे चंद्र, आणि झाडाच्या वाटोळ्या, रुपेरी शेंगांवरून त्यास हें नांव पडलें. मराठींत यास रूढ नांव नाहीं, सबब या लेखापुरतें आपण त्यास चांदशेंग म्हणूं. बियाण्याच्या पुडीवरील चित्र पाहून चंद्राच्या गांवीं चंद्राचें झाड लावावें, असें एखाद्या हौशी बागाइतदाराच्या मनांत आल्यास नवल नाहीं. ही हौस कितपत पुरी होईल, आणि न झाल्यास तिच्या जागीं काय लावावें व काय मुळींच लावूं नये, एवढाच या लेखाचा विषय आहे.

चांदशेंग ही मोहरी, मुळा व कोबी यांच्या कुळांतील. तिचें मूळ स्थान आग्नेय युरोप व त्यास लागून असलेला आशियाचा भाग. झाड हातदीड हात, क्वचित् दोन हात उंच वाढतें. पानें रुंद व कातरलेल्या कडांचीं. फुलें चार पाकळ्यांचीं, जांभळीं किंवा पांढरीं. पण फुलांसाठीं कोणी हें झाड लावीत नाहीं. खरें मोल शेंगेचें. मोहरीची वाळलेली शेंग ज्यानें बोटांनीं उकलून पाहिली असेल त्यास ठाऊक आहे, कीं दोन्ही बाजूंचीं टरफलें गळालीं म्हणजे मध्यें एक पातळ पापुद्रा उरतो व त्याच्या कडांना बियां चिकटलेल्या असतात. मोहरींत हा पापुद्रा सुतासारखा अरुंद. चांदशेंगेंत तोच रुपयाएवढा, किंबहुना त्याहूनही मोठा, पसरलेला असतो. टरफलें व बियां काढून टाकल्या म्हणजे झाडावर जणूं चांदीच्या पातळ चकत्या लटकत राहतात, आणि त्या वर्षानुवर्षें टिकतात. फ्रेंच लोक यास ‘पोपचें नाणें’ म्हणतात, डच लोक ‘यहूदाचा पैसा’ म्हणतात, आणि इंग्रजांनीं तर याचें नांवच ‘प्रामाणिकपणा’ ठेविलें आहे. शेंगेच्या आंतील बीं बाहेरून दिसतें, कांहीं लपत नाहीं, म्हणून हें नांव, असें सांगतात. आपट्याच्या पानास सोनें म्हणून लुटणाऱ्या आपल्या लोकांस यांत कांहीं विचित्र वाटण्याचें कारण नाहीं.

लिनीअसनें 1753 सालीं या झाडास शास्त्रीय नांव देतांना ‘आनुआ’ म्हणजे वार्षिक असें विशेषण लाविलें; परंतु हें झाड बहुधा दोन वर्षांचें असतें. पहिल्या वर्षीं नुसता पानांचा घेर जमिनीलगत पसरतो, मध्यें हिवाळा जातो, आणि दुसऱ्या वसंतांत दांडा वर येऊन फुलें लागतात. हा मधला हिवाळाच सर्व गोष्टींचें मूळ आहे, म्हणून त्याकडे अधिक लक्ष देऊं.

आपल्या शेतकऱ्यांस द्विवर्षायु झाड म्हणजे काय हें कांद्यावरून चांगलें समजतें. कांद्याचें बीं धरावयाचें असल्यास निवडलेले गोट हिवाळ्याच्या सुरुवातीस लावावे लागतात. थंडी लागली म्हणजे त्यांतून डेंगळे निघतात व पुढें उन्हाळ्याच्या तोंडीं बोंडें तयार होतात. कांद्यास आपल्याकडील दहाबारा अंशांची रात्रीची थंडी पुरते, म्हणून मराठवाड्यांत त्याचें बीं उत्तम होतें. उलट कोबीच्या बहुतेक थंड जातींस अधिक कडक व लांब हिवाळा लागतो. त्यामुळें त्यांचें बीं आपण येथें धरूं शकत नाहीं, तें हिमाचलांतील कुलू खोऱ्यासारख्या थंड प्रदेशांतून येतें. गड्डा मात्र आपल्याकडे भरघोंस होतो. चांदशेंगेची प्रकृति कोबीसारखी आहे. हॉलंडांतील वाखेनिंगन येथील वेलेनसीक या शास्त्रज्ञानें 1958 च्या सुमारास याच झाडावर प्रयोग केले. रोप अगदीं कोंवळें असतां त्यावर थंडीचा परिणाम होत नाहीं. कांहीं आठवड्यांचें झाल्यावर त्यास पांच अंशांच्या आसपासची थंडी दीर्घकाळ मिळाली, तरच तें फुलतें. त्यानें असेंही दाखविलें, कीं नुसतें तोडलेलें पान थंडींत ठेविलें व त्यास नवीन अंकुर फुटले, तर त्या अंकुरांसही फुलें येतात. म्हणजे थंडीची ही आठवण झाडाच्या वाढत्या पेशींतच सांठविली जाते.

आतां बालाघाटाकडे पाहूं. पौषांत एखादी रात्र आठ-नऊ अंशांपर्यंत उतरते, हरभऱ्यावर दंव पडतें, माणसें शेकोटीभोंवतीं बसतात; पण दुपारीं ऊन तीस अंशांच्या जवळ जातें आणि रात्रीं मिळालेली थंडी बरीचशी निष्फळ होते. शिवाय फाल्गुनापासून उष्मा सुरू होऊन वैशाखांत पारा चाळीस अंशांवर चढतो. दुसऱ्या वर्षाची वाट पाहण्यास पानांचा तो घेर जिवंत राहिला पाहिजे, तोच उन्हाळ्यांत टिकणें कठीण. तेव्हां स्पष्ट सांगावयाचें तर लिंबागणेशच्या शिवारांत चांदशेंग उगवेल, पानें देईल, आणि शेंगा देणार नाहीं. ज्यास केवळ कौतुक पाहावयाचें आहे त्यानें भाद्रपदांत चार कुंड्या सावलींत लावाव्या. मावा पडतो, त्याकडे लक्ष ठेवावें. यापलीकडे एक गुंठाही या झाडाखालीं गुंतवूं नये. हिच्या बियांच्या तेलांत नर्व्होनिक अम्ल असतें व त्यासाठीं थंड देशांत हिच्या लागवडीचे प्रयोग झाले आहेत, हें खरें. पण त्या बातमीवर विसंबून कोणी बियाणें खपवूं पाहील, तर त्यास आपल्याकडील हिवाळा दाखवावा.

सुक्या शेंगा-बोंडांच्या सजावटीची हौस मात्र शहरांतून वाढत आहे, व भारतांतून असा सुका माल परदेशींही जातो. तमिळनाडूंतील तुतिकोरिन व बंगालमधील कलकत्ता हीं या व्यापाराचीं जुनीं ठिकाणें. याच मोहापायीं एका धोक्याच्या झाडाकडे कांहींचें लक्ष जातें, आणि त्याविषयीं येथें आडपडदा न ठेवितां लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें. तें झाड म्हणजे अफूचें. त्याचें फूल देखणें, आणि मुकुटासारखी टोपी असलेलें सुकें बोंड तर फुलदाणींत फारच शोभतें. परंतु 1985 च्या अंमली पदार्थविषयक कायद्यानें परवान्यावांचून त्याची लागवड सर्वस्वीं मना आहे, आणि परवाने मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश येथील ठराविक टापूंतच दिले जातात. महाराष्ट्रांत तो मिळत नाहीं. लागवडीस दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा सांगितली आहे. बीं काढून घेतलेलें रिकामें बोंडही कायद्याच्या कचाट्यांतून सुटत नाहीं. 2012 सालीं आपल्याच बीड जिल्ह्यांत, परळी तालुक्यांत, अफूचीं शेतें उघडकीस येऊन गुन्हे दाखल झाले होते, हें पुष्कळांस आठवत असेल. ‘मीं अफू नव्हे, खसखस पेरली’ हें उत्तर अशा वेळीं उपयोगी पडत नाहीं, कारण खसखस हें त्याच झाडाचें बीं. दुकानांतून खसखस विकत घेऊन खाण्यास हरकत नाहीं. ती शेतांत पेरणें हा गुन्हा.

जमीन बटाईनें अगर खंडानें देणाऱ्या जमीनधारकांनीं एक गोष्ट विशेष ध्यानांत धरावी. आपल्या जमिनींत असें पीक उभें असल्यास त्याची खबर तत्काळ पोलिसांस देण्याचें कर्तव्य याच कायद्याच्या 46 व्या कलमानें जमीनधारकावर टाकिलें आहे; जाणूनबुजून तें टाळणारा स्वतः शिक्षेस पात्र होतो. तेव्हां खंडकरी काय पेरतो हें हिवाळ्यांत एकदोन वेळां बांधावर जाऊन पाहावें. हिरवट-निळसर, मेणचट, देठावांचून दांड्यास बिलगलेलीं पानें दिसलीं, तर विचारण्यास संकोच करूं नये.

शोभेसाठीं आपल्या हवेंत होणारें द्विवर्षायु झाड पाहिजे असेल, तर हॉलिहॉक लावावें. हिंदींत यास गुलखैरा म्हणतात. थंड देशांत तें दुसऱ्या वर्षीं फुलतें, पण आपल्याकडे नवरात्राच्या सुमारास पेरल्यास माघ-फाल्गुनांत त्याच हंगामीं फुलावर येतें. चार-पांच फुटांवर उंच दांडा, खालून वर उमलत जाणारीं मोठीं फुलें, आणि मागाहून चाकाच्या आऱ्यांप्रमाणें मांडलेल्या चपट्या बियांचें फळ. पाणी बेताचें, जमीन निचऱ्याची. कापूस-भेंडीच्या कुळांतील असल्यामुळें त्या पिकांची कीड यावरही येते, सबब कापसाच्या फडाला लागून लावूं नये. पानांच्या पाठीवर तांबेऱ्याचे ठिपके दिसतांच तीं पानें तोडून जाळावीं.

आणि विकाऊ माल म्हणाल, तर तो बहुतेकांच्या शेतांत उभाच आहे. फुटलेल्या कपाशीचीं बोंडें फांदीसकट सजावटीस मागतात. कपाळफोडीच्या फुगीर शेंगा, त्यांतील पांढऱ्या ठिपक्याचें काळें बीं, मुरुडशेंगेचे पीळ, बांधावरची विंचवी: यांस बी-बियाण्याचा खर्च नाहीं. मात्र वनखात्याच्या हद्दींतून परवानगीवांचून कांहीं तोडूं नये. कपाशीच्या फांद्या घ्यावयाच्या त्या शेवटच्या वेंचणीच्या वेळीं, बोंडअळीनें न पोखरलेल्या, दोन हात लांब कापाव्या. दंव उडाल्यावर सकाळीं कापून, पानें झाडून, हवेशीर अंधाऱ्या खोलींत दहा-पंधरा दिवस उलट्या टांगाव्या. गिऱ्हाइकाशीं भाव व नग आधीं ठरवून घ्यावे आणि पहिल्या वर्षीं पन्नास जुड्यांपेक्षां अधिक बांधूं नयेत. उरलेल्या पऱ्हाट्या फेब्रुवारी अखेर शेतांतून काढून टाकाव्या, म्हणजे गुलाबी बोंडअळीस पुढच्या हंगामापर्यंत आसरा राहणार नाहीं.